रेनविक की विंटरथर?

अमेरिकी हस्तकला आणि घरातील शोभिवंत वस्तू पाहण्यासाठी हाताशी एकच दिवस असेल, तर वॉशिंग्टनमधील रेनविक गॅलरी आणि डेलावेअर राज्यातील विंटरथर संग्रहालय यांतून एकाची निवड करावी लागते. व्हाइट हाउसच्या जवळच असलेली रेनविक विनामूल्य आहे आणि दोन-तीन तासांत निवांत पाहून होते. विंटरथरला मात्र विल्मिंग्टन शहराबाहेर जावे लागते, तिकीट काढावे लागते आणि बागही पाहायची म्हटली तर दिवस पुरत नाही.

खरा फरक वस्तूंच्या मांडणीत आहे. विंटरथरचे मालक आणि संग्राहक हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांनी १९५१ मध्ये आपले राहते घरच संग्रहालय म्हणून खुले केले, त्यामुळे तिथल्या १७५ खोल्यांतून फिरताना मुख्यतः १६४० ते १८६० या काळातील फर्निचर जणू वापरात असल्यासारखे दिसते. एका दिवाणखान्यात भिंतभर हाताने रंगवलेला चिनी कागद आहे. 'अमेरिकी' म्हणवणाऱ्या घरातला हा चिनी पाहुणा मला फार आवडतो.

१९७२ पासून चालणाऱ्या रेनविकचा जीव आधुनिक कारागिरीत आहे. फर्निचर-कलाकार वेंडेल कॅसल यांचे १९८५ मधील 'घोस्ट क्लॉक' हे शिल्प पाहताना पांढरी चादर पांघरून दोरीने बांधलेले उंच घड्याळच समोर आहे असे वाटते, पण जवळ गेल्यावर चादर, तिच्या चुण्या आणि दोरी हे सारे महोगनी लाकडात कोरलेले असल्याचे ध्यानात येते. स्वतः कारागिरीचे हत्यार धरणाऱ्याने आधी रेनविकच पाहावी, असे माझे मत आहे.