हिस्टोन: कोंबडीच्या रक्तातले की बॅक्टेरियातले?

बेळगावच्या प्रयोगशाळेत क्रोमॅटिनवर, म्हणजे पेशीतल्या डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीवर, काम करायचं, तर पहिला प्रश्न हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) आणायचे कुठून? सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे खानापूर रोडवरचा एखादा चिकनवाला. सायट्रेट घातलेली बाटली सकाळीच त्याच्याकडे द्यायची, नाहीतर हातात गुठळ्याच येतात. कोंबडीच्या तांबड्या पेशींत, आपल्यासारखं नव्हे, केंद्रक असतं. ते वेगळं करून सौम्य आम्लात घातलं की हिस्टोन सुटतात. जर्मन जीवरसायनतज्ज्ञ कोसेलनं 1884 मध्ये हंसाच्या रक्तातून असेच काढले होते. पण माल मिसळीचा: एच1, एच5 हे जोड-हिस्टोन सोबत येतात, शिवाय कुठे मिथाइल, कुठे अ‍ॅसिटाइल असे छोटे रासायनिक गट चिकटलेले.

ई. कोलाय या बॅक्टेरियात बनवलेले मात्र कोरे. मिथाइल चढवणारं एन्झाइम तपासायचं असेल तर हेच हवेत, इथे काटकसर नको. 1997 ची न्यूक्लिओसोमची (हिस्टोनवर डीएनए गुंडाळून झालेल्या मण्याची) गाजलेली रचनाही अशाच हिस्टोनवर मिळाली. तयार घ्यायचे तर शक्यतो कोरडी भुकटी मागवा. पुण्याहून येताना बर्फ संपला तरी तिला फारसा धक्का लागत नाही. स्वतःच बनवायचे तर ग्वानिडिन (प्रथिनं उलगडणारं रसायन), मग 2 मोलर मिठात डायलिसिस (पातळ पडद्यातून द्रावण बदलणं), आणि भरपूर चिकाटी.

एम.एस्सी.च्या पोरांना हात बसवायला? रक्तच, डोळे झाकून.