क्लिपचा स्पीड बदलायचाय पण टाइमलाइन हलायला नको: कुठली पद्धत कधी घ्यायची

व्हिडिओ एडिट करताना टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने लावतो त्या पट्टीवर, म्युझिकवर सगळे कट बसलेत आणि आता मधल्याच एका शॉटचा स्पीड बदलायचाय, तर टूल उघडायच्या आधी एक गोष्ट ठरवा. शॉटची जागा फिक्स आहे, की त्यातली ॲक्शन पूर्ण दिसायला हवी? दोन्ही आहे तसं ठेवून अख्ख्या क्लिपचा स्पीड बदलत नाही, एक काहीतरी सोडावंच लागतं, आणि सगळ्या पद्धतींमधला फरक इथूनच सुरू होतो.

सगळ्यात ओळखीची पद्धत म्हणजे स्पीड-ड्युरेशनचा बॉक्स, प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आर. त्यात रिपलची (पुढच्या क्लिप आपोआप सरकवण्याची) टिक काढलेली असेल तर पुढच्या क्लिप जागच्या हलत नाहीत. ८ सेकंदांची क्लिप २०० टक्के केली की ४ सेकंदांची होते आणि मागे ४ सेकंदांची गॅप राहते, ती लगेच दिसते म्हणून त्रास नाही. खरा घोळ स्लो करताना होतो, कारण पुढची क्लिप चिकटून असेल तर आपली क्लिप लांब होत नाही, तिचं शेपूट कापलं जातं. समजा ३ सेकंदांच्या जागेत डान्सरची गिरकी आहे आणि ५० टक्के केलं, तर मूळ शूटमधले पहिले दीड सेकंदच दिसणार, गिरकी अर्ध्यावर असतानाच कट येणार, आणि टाइमलाइन मात्र होती तशीच दिसते त्यामुळे लक्षातही येत नाही. अशा वेळी वाय दाबून स्लिप टूल घ्या आणि क्लिप न हलवता आतला भाग सरकवा, कुठले दीड सेकंद दाखवायचे ते तुम्ही ठरवा.

जागा ठरलेली असेल तर मला रेट स्ट्रेच जास्त पटतं. आर दाबायचं, क्लिपची कड धरायची आणि गॅप भरेपर्यंत ओढायची, स्पीड किती ते सॉफ्टवेअर काढतं. ३ सेकंदांच्या गॅपमध्ये ५ सेकंदांचा शॉट बसवला की साधारण १६७ टक्के होतो आणि आतलं काहीही कापलं जात नाही. रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम फिट टू फिल करतं, केडेनलाइव्ह या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल दाबून कड ओढली तरी होतं. फक्त आकडा गॅप ठरवते, तुम्ही नाही, हे स्लो-मोला नडतं. ५० एफपीएसचं (सेकंदाला ५० फ्रेम) शूट २५ च्या टाइमलाइनवर ५० टक्क्यांपर्यंत स्वच्छ चालतं, त्याखाली गेलात की फ्रेम रिपीट होऊन झटके दिसायला लागतात. ऑप्टिकल फ्लो (मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरनेच बनवणं) लावून ते लपतं, पण हात एकमेकांवरून जात असतील तर कडा वितळल्यासारख्या दिसतात.

टाइम रिमॅप तेव्हा घ्या जेव्हा शॉटच्या आतच स्पीड वर-खाली हवा असेल. इथे हिशोब स्वतः जुळवावा लागतो. ४ सेकंदांच्या शॉटमधला १ सेकंद ५० टक्के केला की तो २ सेकंद खातो, मग उरलेले ३ सेकंद राहिलेल्या २ मध्ये बसवायला तो भाग १५० टक्के करायचा, म्हणजे एकूण परत ४ आणि पुढचा कट जागेवर. वेळ जातो पण स्पीड स्वतः ठरवून जागा आणि ॲक्शन दोन्ही वाचवणारी हीच एक पद्धत आहे, त्यामुळे महत्त्वाच्या शॉटसाठी तेवढी मेहनत कराच.

रिपल चालू ठेवून स्पीड बदलणं रफ कटमध्ये, म्हणजे पहिल्या कच्च्या जुळणीत, बेस्ट, बीट आणि टायटल बसल्यावर नको. फायनल कट या सॉफ्टवेअरमध्ये तर रिपल बाय डिफॉल्ट होतं, म्हणून तिथे कस्टम स्पीडमध्ये जाऊन टिक काढायची.

कुठली पद्धत घ्यायची ते कळतच नसेल तर क्लिपची कॉपी वरच्या रिकाम्या ट्रॅकवर टाका आणि स्पीड तिथे बदला, वर जागा मोकळी असल्यामुळे ती पूर्ण लांब होते, हवा तो भाग निवडून खालच्या क्लिपएवढा कापा आणि बरोबर तिच्यावर ठेवा. जुनी खाली शाबूत असते, नाही आवडलं तर वरची डिलीट. बोलणारा माणूस असेल तर मात्र आधी ऑडिओ अनलिंक (व्हिडिओपासून वेगळा) करून घ्या, नाहीतर आवाजाचाही स्पीड बदलतो.