वॉरंटीतला ग्राइंडर दुकानदाराच्या हाती दिला आणि परत भलताच आला

हिंगणा रोडला आमचे ग्रिल, गेट आणि कूलरचे स्टँड बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. मशीनवर माझे पती स्वतः काम करतात, हाताखाली एक मुलगा असतो आणि हिशेब, बिले व गिऱ्हाइकांचे फोन मी पाहते. नागपुरात फेब्रुवारी सरत आला की घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि तेव्हापासून मे संपेपर्यंत स्टँडच्या कामाला उसंत नसते. या दिवसांत लोखंड कापायचा-घासायचा ग्राइंडर दोन दिवस बंद राहिला तरी गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या वर्कशॉपमध्ये जाते. आमची फसवणूक झाली ती नेमकी या घाईच्या दिवसांत. ती कशी झाली हे इतके तपशीलवार लिहिण्याचे कारण असे की, ज्या पद्धतीने ती झाली ती पद्धत कंपनीच्या सेवा केंद्रातील माणसांना नवीन नव्हती, आम्हाला मात्र तिची कल्पनाही नव्हती.

२६ फेब्रुवारीला आम्ही इतवारीतील एका जुन्या हार्डवेअर दुकानातून नामांकित कंपनीचा ८५० वॅटचा ४ इंची ग्राइंडर घेतला. किंमत ३,४०० रुपये सांगितली गेली, आणि पक्के बिल हवे असेल तर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,०१२ रुपये. पतींनी ६१२ रुपये वाचवले आणि कच्चे बिल घेतले. त्या चिठ्ठीवर वरच्या बाजूला ‘एस्टिमेट’ असे छापलेले होते, खाली पेनने ‘ग्राइंडर १ नग’ आणि रक्कम, एवढेच. दुकानाचे नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, मशीनचा सिरीयल नंबर नाही. वॉरंटीचे विचारले तेव्हा दुकानदार म्हणाले, “भाऊ, बिलाची काय गरज आहे, मी बसलो आहे ना इथं. वर्षभरात काही झालं तर मशीन आणून द्या, नवीन घेऊन जा.” ही चूक आमची होती आणि ती मी लपवत नाही. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, पण आम्ही तर ते मागितलेच नाही.

डब्यातले कार्ड मी घरी आल्यावर वाचले. त्यावर वॉरंटी सहा महिन्यांची होती, एक वर्षाची नव्हती. ती बदलून देण्याची नसून उत्पादनातील दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची होती, आणि कार्बन ब्रश, स्विच व केबल हे झिजणारे भाग तिच्यातून वगळलेले होते. दुकानदाराने तोंडी दिलेला शब्द आणि कंपनीने छापून दिलेला शब्द यांत इतका फरक होता. दुकानदार आपल्या मर्जीने जास्त देत असेल तर चांगलेच, असे समजून मी ते कार्ड फाइलला लावले. येथे मला थांबायला हवे होते. जो माणूस कंपनीपेक्षा मोठे वचन देतो, तो ते कशाच्या बळावर देतो, हे त्याच वेळी विचारायला हवे होते.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून बरोबर झाली. दोन वर्षांपूर्वी बेसा भागातील एका साइटवरून आमचे कटर मशीन चोरीला गेले आणि तक्रार लिहिताना त्याचा नंबरसुद्धा आम्हाला सांगता आला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक नव्या मशीनच्या नेमप्लेटचा फोटो मी काढते, नंबर वहीत उतरवते, आणि पती मशीनच्या पुढच्या गिअरच्या डोक्यावर, चकतीवरच्या गार्डच्या बाजूला, पंचाने, म्हणजे खूण उमटवायच्या लोखंडी खिळ्याने, ‘रा’ हे अक्षर ठोकतात. या ग्राइंडरचेही तसे झाले. पुढे सगळे प्रकरण उभे राहिले ते त्या एका फोटोवर.

९ मे रोजी दुपारी पाइप कापता कापता मशीनच्या मागच्या जाळीतून मोठी ठिणगी निघाली, जळक्या वार्निशचा वास आला आणि मशीन बंद पडले. दुसऱ्याच दिवशी पतींनी ते दुकानात नेऊन दिले. पोचपावती मागितली तेव्हा दुकानदाराने त्याच एस्टिमेटच्या मागे ‘१ ग्राइंडर जमा’ असे लिहून सही केली. सिरीयल नंबर त्यावरही नव्हता. मग पाच आठवडे फेऱ्या सुरू झाल्या. “कंपनीचा माणूस येऊन राहिला, मंगळवारी या.” “पुण्याला गेलं आहे मशीन.” “वहिनी, वरूनच माल येऊन नाही राहिला तर मी काय करू?” मी स्वतः दोनदा गेले. दोन्ही वेळी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि दुकानात दुसरे गिऱ्हाईक असेपर्यंत आमच्याशी अतिशय गोड बोलणे झाले. त्या काळात आम्ही दुसऱ्या वर्कशॉपमधून ग्राइंडर भाड्याने आणून काम भागवले आणि तरीही स्टँडच्या सात ऑर्डर हातच्या गेल्या.

१४ जूनला फोन आला की नवीन मशीन आले आहे. मी त्या दिवशी उमरेडला माहेरी होते. पती जाऊन डबा घेऊन आले, दुकानातच लावून पाहिला, मशीन फिरत होते. डबा कंपनीचा, बॉडीचा रंग नवा, वर प्लास्टिकची पिशवी. मृग लागून आठवडा झाला होता आणि पत्र्याच्या शेडचे एक काम पावसाआधी संपवायचे होते, त्यामुळे मशीन तसेच साइटवर गेले. वही उघडली गेली नाही, फोटो काढला गेला नाही, पंच ठोकला गेला नाही.

ते मशीन १९ दिवस चालले. ३ जुलैला तोच वास, तीच ठिणगी. या वेळी दुकानदाराचा सूर बदललेला होता. “एकदा बदलून दिलं, आता कंपनी देत नाही. तुम्ही लोड जास्त टाकता.” बदलून मिळालेल्या मशीनला वॉरंटी नसते, असेही त्यांनी ठासून सांगितले. पतींनी ते ऐकून घेतले असते. मी मशीन पिशवीत घातले आणि ५ जुलैला आम्ही दोघे कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो, जे इतवारीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे आणि जिथे आम्ही १० मे रोजीच जायला हवे होते.

तेथील मेकॅनिकने आमच्यासमोर मशीन उघडले. मागचे कव्हर काढून कार्बन बाहेर घेतले, पुढचे चार स्क्रू सोडून गिअरच्या डोक्यासह आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, ओढून काढले आणि टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ठेवले. शेजारी त्यांनी कंपनीचे नवे आर्मेचर ठेवले. नव्याची तांब्याची तार यंत्राने गुंडाळलेली, एकसारखी, वरचे वार्निश पातळ आणि स्वच्छ. आमच्या आर्मेचरची तार हाताने भरलेली होती, जाड दोऱ्याने बांधलेली, दोऱ्याच्या गाठी दिसत होत्या आणि काळपट वार्निशचे थेंब तसेच गोठलेले होते. कार्बन ज्यावर घासतो तो कम्युटेटर लेथवर घासून इतका पातळ केलेला होता की त्याच्या कडेला पायरी पडलेली बोटाला लागत होती. “हे रिवाइंडिंगचं, जळालेली तार काढून पुन्हा भरलेलं आहे ताई,” ते म्हणाले, “आणि निदान दोनदा केलेलं. बॉडी तेवढी नवी टाकली आहे.” नेमप्लेटच्या स्टिकरचा एक कोपरा उचललेला होता आणि त्याखाली दुसऱ्या गोंदाचा थर होता. त्यावरचा नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळत नव्हता. केंद्राच्या नोंदीत तो नंबर तीन वर्षांपूर्वी विकल्या गेलेल्या मशीनचा निघाला.

मग मी वहीतला आमचा मूळ नंबर दिला. तो संगणकावर टाकल्यावर जे समोर आले, ते वाचून पती काही वेळ काहीच बोलले नाहीत. आमचे मशीन १३ मे रोजी याच केंद्रात जमा झालेले होते. दोष उत्पादनातला ठरला होता, कारण आर्मेचरच्या एकाच वेटोळ्यात शॉर्ट झाला होता. मशीनवर लोड जास्त पडला असता तर सगळीच गुंडाळी सारखी काळी पडली असती, असे मेकॅनिकने समजावले. कंपनीने आर्मेचर विनामूल्य बदलून मशीन २२ मे रोजी परत दिले होते. आणून देणारा आणि परत नेणारा त्याच दुकानाचा माणूस होता, आणि जॉब कार्डाला, म्हणजे केंद्रातील दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदाला, जोडलेले पक्के बिल दुसऱ्याच कोणाच्या नावाचे, एप्रिल महिन्यातले होते. म्हणजे आम्ही दुकानात फेऱ्या मारत होतो, त्यांतले शेवटचे तीन आठवडे आमचे दुरुस्त झालेले मशीन दुकानदाराच्याच ताब्यात होते. आम्हाला त्यांनी कोणाचे तरी भंगार नव्या बॉडीत बसवून दिले आणि आमचे चांगले मशीन ठेवून घेतले. पक्के बिल आमच्याजवळ नसल्यामुळे ते मशीन कागदोपत्री कोणाचेही करणे त्यांना शक्य झाले. ६१२ रुपये वाचवून आम्ही मशीनची मालकीच त्यांच्या हाती दिली होती.

सेवा केंद्राने जॉब कार्डाची प्रत देण्यास आधी नकार दिला, कारण बिल आमच्या नावाचे नव्हते. लेखी अर्जासोबत नेमप्लेटचा फोटो आणि फोनमधील त्याची २६ फेब्रुवारीची तारीख दाखवल्यावर, उघडलेल्या मशीनचा तपासणी अहवाल मात्र त्यांनी शिक्क्यासह दिला, आणि मूळ नंबरच्या दोन्ही तारखा त्यात नमूद केल्या. दुकानाच्या सहीची ती चिठ्ठी, फोटो आणि हा अहवाल, एवढाच आमचा पुरावा आहे.

दुकानदाराने यावर सांगितलेले पहिले वाक्य असे होते की, तुम्ही धंद्यासाठी मशीन घेतले, तुम्हाला ग्राहक कायदा लागू होत नाही. हे वाक्य अनेक सुतार, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना ऐकवले जाते आणि ते ऐकून माणसे परत फिरतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे हे खरे, पण जी वस्तू माणूस केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका करण्यासाठी विकत घेऊन स्वतः वापरतो, ती खरेदी व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. काउंटरमागे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी होती, तिचेही तसेच. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील कायद्याने अनुचित प्रथा ठरवलेली आहे. पाटी लावल्याने कायदा बदलत नाही.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, समोरच्यापर्यंत तक्रार पोहोचवून समेटाचा प्रयत्न करते. कंपनीकडून मला फोन आला, दुकानदाराने मात्र दाद दिली नाही. त्यानंतर मी वकिलामार्फत नोटीस पाठवली. आठव्या दिवशी दुकानातला मुलगा ३,४०० रुपये रोख आणि एक टाइप केलेला कागद घेऊन वर्कशॉपमध्ये आला. मशीन आम्हीच बदलून आणल्याचे आणि आमची काहीही तक्रार नसल्याचे त्या कागदावर लिहिलेले होते. मी पैसे आणि कागद दोन्ही परत पाठवले. नातेवाइकांपैकी काहींना हे पटले नाही, एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कशाला, असे ते म्हणाले. परंतु वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे शुल्क लागत नाही, आपण जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे ती करता येते, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कागदपत्रे ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवर मी घरबसल्या भरली, तीन संध्याकाळी लागल्या. तक्रारीत मशीनच्या किमतीसोबत भाड्याच्या मशीनचा खर्चही मागितला आहे.

आता आमच्याकडे मशीन बंद पडले की ते थेट सेवा केंद्रात जाते, जॉब कार्डावर नंबर लिहिलेला मी स्वतः वाचते, आणि परत घेताना तोच नंबर प्लेटवर व वहीत जुळवल्याशिवाय सही करत नाही. नवे मशीन घेताना डब्यावरचा नंबर, बॉडीवरचा नंबर आणि पक्क्या बिलावरचा नंबर हे तिन्ही काउंटरवरच एकत्र पाहते. दुकानदार बिलावर नंबर लिहायला कंटाळा करत असेल, तर मी ते मशीन घेत नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक खरा आहे का, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर मिनिटभरात कळते. महाराष्ट्रातील दुकानाचा क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो आणि २७ ने सुरू होतो.

आमचे मूळ मशीन कोठे गेले हे अद्याप समजलेले नाही. नवे आर्मेचर बसलेले, तीन महिन्यांहून कमी चाललेले ते मशीन दुकानदाराने बहुधा नवे म्हणूनच विकले असेल, आणि घेणाऱ्याची वॉरंटी त्या एप्रिलच्या बिलापासून मोजली जात असेल. मे अखेरीनंतर इतवारीतून कोणी कच्च्या बिलावर ८५० वॅटचा ४ इंची ग्राइंडर घेतला असेल, तर त्यांनी कृपया गार्ड सैल करून गिअरच्या डोक्याची ती बाजू पाहावी. तेथे पंचाने ठोकलेले ‘रा’ असेल. ते घासून काढले असेल, तर ॲल्युमिनियमवर बोटाच्या पेराएवढी चकचकीत जागा दिसेल.