जुनी स्पोर्ट्‌स कार: इंजिन ठेवायचं की इलेक्ट्रिक मोटर बसवायची?

निर्णय घेण्याआधी बॉनेट उघडून इंजिनचा नंबर बघा. तो कारखान्याच्या नोंदीशी जुळत असेल आणि इंजिन ठणठणीत असेल, तर मोटरचा विचार सोडा. खरा पेच असतो इंजिन जाम झालेल्या, किंवा मूळचं जाऊन भलतंच बसवलेल्या गाडीचा.

चालवायला दोन्ही गाड्या अगदी वेगळ्या. कार्बुरेटरच्या (पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) गाडीत थंडीत चोक ओढायचा, इंजिन गरम होऊ द्यायचं आणि मग आरपीएम चढत जाताना बदलणारा आवाज ऐकायचा. निम्मी मजा त्यातच. मोटर सुरुवातीपासूनच पूर्ण जोर देते. जॅग्वारने 2017 मध्ये ‘ई-टाइप झीरो’, म्हणजे मोटर बसवलेली आपली जुनी ई-टाइप, दाखवली. 40 किलोवॅट-अवरची बॅटरी इंजिनच्या जागी आणि मोटर तिच्या मागे, गिअरबॉक्सच्या जागी. ताशी 0 ते 100 किलोमीटरला साडेपाच सेकंद, म्हणजे जुन्या ई-टाइपपेक्षा सुमारे सेकंदभर कमी. वजनही 46 किलोने घटलं. इतकं करूनही 2019 मध्ये कंपनीने तो प्रकल्प बाजूला ठेवला.

हौशी रूपांतरात बरेचदा जुना गिअरबॉक्स तसाच ठेवून अडॅप्टर प्लेटने मोटर जोडतात. स्वस्त पडतं, पण तो गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) एवढ्या झटक्यासाठी बनलेलेच नसतात. मोटरची वीज सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये टॉर्कवर, म्हणजे फिरवण्याच्या जोरावर, मर्यादा घालावी लागते. ती किती ठेवणार, हे वर्कशॉपला आधीच विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं वर्कशॉप शोधा.

लांब पल्ल्यात पेट्रोलच सरस. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे 12 किलोवॅट-अवर ऊर्जा असते, तर बॅटरी पॅकमध्ये किलोमागे साधारण 0.15 ते 0.2. मोटर ऊर्जा कमी वाया घालवते, तरी एवढी तफावत भरून निघत नाही. झीरोचा पल्लाही सुमारे 270 किलोमीटरच होता. दोन सीटच्या छोट्या गाडीत जास्त बॅटऱ्या कोंबल्या की डिकी जाते, आणि वजन चुकीच्या जागी पडलं की वळणावरची मजाही.

उभ्या गाडीच्या बाबतीत मात्र मोटरवाली जिंकते, आणि हौसेच्या गाड्या बहुतेक वेळ उभ्याच असतात. पडून राहिलेलं पेट्रोल शिळं होतं, कार्बुरेटरचे जेट चोंदतात. त्यात इथेनॉल असेल तर ते पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप खातं. लिथियम बॅटरी अर्धी चार्ज करून ठेवली की महिनोन्‌महिने कुरकुर नाही. 12 व्होल्टची छोटी बॅटरी मात्र दोन्हीकडे तितकीच छळते.

आता खर्च. मोटर आणि बॅटरीचा भाव विचारून हिशेब मांडला, की पुढे डोळे पांढरे होतात. ब्रेकच्या सर्व्होला (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्राला) व्हॅक्यूम इंजिनकडून मिळायचा, त्यासाठी इलेक्ट्रिक पंप हवा. हीटरला गरम पाणी मिळायचं, तेही गेलं. दिव्यांसाठी मोठ्या बॅटरीचा व्होल्टेज उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो. वजन वाढलं तर त्याला सस्पेन्शन आणि ब्रेक जुळवावे लागतात ते वेगळंच. दुसरीकडे, तक्रार फक्त सकाळी स्टार्ट न होण्याची असेल, तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि नवे फ्युएल पाइप यांवर भागतं. एवढ्यासाठी इंजिन उतरवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

पुढे विकायची असेल तर ‘फीवा’ या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची भूमिका ध्यानात घ्या. इतिहास म्हणून जपायच्या गाडीत आधुनिक इलेक्ट्रिक यंत्रणा बसवण्याला त्यांचा पाठिंबा नाही. बदल करायचाच तर तो परत फिरवता येण्याजोगा हवा, आणि काढलेले भाग जपून ठेवलेले हवेत. अ‍ॅस्टन मार्टिनने 2018 मध्ये डीबी6 व्होलांटवर हेच केलं. सगळी यंत्रणा एका ‘कॅसेट’मध्ये भरून ती इंजिन-गिअरबॉक्सच्या मूळ माउंटिंगवर बोल्टने कसली.

इंजिन मोडीत निघालेलं असेल, फिरणं जवळपासचं असेल आणि गाडी दुर्मिळ नसेल, तर खुशाल मोटर बसवा. फक्त चासीला नवं भोक पाडायचं नाही, ही अट वर्कशॉपकडून लेखी घ्या. आणि उतरवलेलं इंजिन भंगारात देऊ नका: प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये तेल सोडा, तोंडं बंद करा, कोरड्या जागी ठेवा आणि नंबरचा फोटो गाडीच्या कागदपत्रांना लावा.