जिम्नीचा पुढचा बंपर: कापला, सांधला आणि पावसाळ्यानंतर काय टिकलं

मारुतीच्या पाच दारी जिम्नीचा अप्रोच अँगल (पुढचा बंपर न टेकता किती अंशांचा चढ घेता येतो ते) कंपनीच्या आकड्यानुसार 36 अंश आहे. जांभ्याच्या पायरीवर चढताना आधी टेकतात ते चाकांसमोरचे खालचे दोन कोपरे, मधला भाग नंतर. त्यामुळे अख्खा बंपर बदलण्याऐवजी कोपरेच कापले. लोखंडी बंपर मुद्दाम टाळला. एक तर पुढच्या स्प्रिंगांवर वजन येतं. शिवाय बंपरवर लावल्या जाणाऱ्या लोखंडी क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे.

कापायला जिगसॉ, बारीक दातांचं पातं आणि कमी वेग. ग्राइंडर नकोच: प्लास्टिक वितळतं आणि चकतीमागे पुन्हा चिकटून बसतं. रेषेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, 5 मिमी जास्तीचं सोडा, उरलेलं कानशीने काढा. कडेला रबरी बीडिंग बसवली की काम नेटकं दिसतं. कापल्यावर चाकाच्या आतलं लायनर एका टोकाला मोकळं होतं. ते मोठ्या वॉशरसह एम6 बोल्टने धरायचं, पण भोक लांबट ठेवायचं. उन्हात बंपर लांबीला तीन-चार मिमी सहज वाढतो. घट्ट भोकापासून पुढे तडा जातो.

तडा सांधण्याआधी बंपरच्या आतला शिक्का वाचा. बहुतेक ठिकाणी पीपी+ईपीडीएम (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक आणि रबर) असतं, त्यापुढे टी10 किंवा टी20 असेल तर 10 किंवा 20 टक्के टाल्क (खनिज भुकटी) मिसळलेलं. तुकडा पाण्यात तरंगतो का, ही जुनी परीक्षा इथे फसवते. टाल्क जास्त असला की पीपीसुद्धा बुडू शकतं. सांधायला वितळवायचा प्लास्टिकचा रॉड त्याच जातीचा हवा. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचा रॉड दिसायला छान बसतो आणि पहिल्याच धक्क्याला सोलून निघतो. एपॉक्सी पुट्टीचंही तेच, पीपीला ती धरतच नाही.

तड्याच्या टोकाला 3 मिमी भोक पाडलं की तो पुढे पळत नाही. साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बाहेरून ॲल्युमिनियम टेप लावून कडा जुळवा आणि आतून व्ही आकाराची खाच घ्या, जाडीच्या निम्म्याहून थोडी खोल. तापवताना रॉड आणि खाचेच्या भिंती दोन्ही एकाच वेळी चकाकायला लागल्या पाहिजेत. धूर निघाला किंवा रंग तपकिरी झाला तर ते प्लास्टिक ठिसूळ झालं, खरवडून काढा. नुसता रॉड वितळून वर बसला तर सांधा वरवरचा. गार झाल्यावर पक्कडीने रॉडचं टोक ओढून पाहा. सोलून आला तर पुन्हा करा. आतून स्टेनलेसची जाळी गरम करून बुडवली, मग बाहेरून उथळ खाच आणि दुसरा थर. पाणी ओतून गार करायची घाई नको, सांधा ओढला जातो.

गरम स्टेपलर (तापवलेल्या तारेच्या पिना प्लास्टिकमध्ये रुतवणारा) सगळ्यांना आवडतो, पण तो तात्पुरता धरायला ठीक. निव्वळ स्टेपलवर सोडलेला सांधा पावसाळ्यात हलायला लागला. आणि स्टेपल स्टेनलेस नसतील तर गंज रंगावर उमटतो. रॉड आणि जाळीचे सांधे मात्र चिखल, खड्डे आणि पुढचा उन्हाळा काढून जागेवर आहेत.

फिनिशिंग हा खरा त्रासाचा भाग. पीपी घासलं की तंतू उठतात. ते ब्लेडने खरवडायचे, मग 180 आणि 320 चा पेपर, हलक्या हाताने. रंगाआधी अ‍ॅडहीजन प्रमोटरचा (रंग प्लास्टिकला धरून ठेवणाऱ्या द्रावाचा) पातळ हात हवाच, नाहीतर पहिल्याच प्रेशर वॉशला पापुद्रे निघतात. काळ्या खरबरीत भागावर मूळ पोत परत येत नाही; टेक्स्चर स्प्रे जवळ जातो, उन्हात तिरकं बघितलं तर जोड कळतो. पांढुरका पडलेला भाग हीट गनने काळा करण्याची युक्ती काही महिनेच टिकते, आणि वारंवार केली तर पृष्ठभाग कडक पडून भेगाळतो.

बंपर काढताना जुन्या क्लिपांचे पाय तुटतातच. डझनभर नव्या आधी आणून ठेवा, नाहीतर सांधलेल्या जागी थरथर चालू राहते.