‘पहिला वाला’ ऐकल्याशिवाय इथे काही विकत मिळत नाही

दुकानाला नाव नाही, म्हणून आधी पत्ता. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं, नळबाजाराच्या अंगाने पंधरा-वीस मिनिटं चालायचं आणि चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला शिरायचं. जुने पंखे, जहाजावरचे कंदील, सिनेमाची पोस्टरं यांची दुकानं मागे पडली की एका इमारतीच्या जिन्याखालून कुणीतरी गात असल्याचा आवाज येतो. तिथे थांबा. दोन गिऱ्हाइकं आत असली तर तिसऱ्याने फुटपाथवर उभं राहायचं, एवढीच जागा. शुक्रवारी जाऊ नका. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुना बाजार भरतो, पण दुकानं बंद असतात.

मुलाने पहिल्या पगारातून मला टर्नटेबल आणून दिलं. घरात रेकॉर्ड एकही नाही. पूर्वी असतो तर सरळ काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसला गेलो असतो, पण ते २०१६ सालीच बंद झालं. म्हणून इथे आलो. मला एकच रेकॉर्ड हवी होती, बोनी एम या डिस्को ग्रुपची ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’. तिच्यात ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ आहे.

तीच का, ते सांगायला हवं. मी लालबागचा. ऐन तरुणपणी दहा-बारा वर्षं बेंजो पार्टीत वाजवलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमचा बेंजो म्हणजे गोऱ्यांचं ते गोल वाद्य नव्हे. बुलबुलतरंगाला पिकअप बसवायचा, वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची आणि टाइपरायटरसारखी बटणं दाबत विसर्जनाची अख्खी मिरवणूक ओढायची. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ आमचा हुकमाचा पत्ता होता. भारतमाता सिनेमापाशी मिरवणूक रेंगाळली की मास्तर नुसती बोटं हलवून खूण करायचे. पहिली ओळ वाजली की थकलेली पोरं पुन्हा उड्या मारायला लागायची.

तर दुकानदार चाचांना म्हटलं, बोनी एम द्या. चाचा सत्तरीपुढचे, चष्म्याच्या एका काडीला रबरबँड गुंडाळलेलं. त्यांनी रेकॉर्ड काढून काउंटरवर ठेवली, पण वर हात ठेवून म्हणाले, “भाऊ, पहले पहिला वाला सुनो. फिर लेना है तो लो.”

त्यांच्या पायाशी एक लाकडी खोका असतो, पूर्वी बहुतेक सफरचंदांचा असावा. त्यात फक्त ‘पहिले वाले’. म्हणजे जी गाणी जगाने दुसऱ्याच कुणाच्या आवाजात डोक्यावर घेतली, त्यांची मूळ ध्वनिमुद्रणं. चाचांचे वडील गोदीतून येणाऱ्या खलाशांकडून रेकॉर्डी घ्यायचे, त्यातून हा खोका सुरू झाला. चाचांनी त्यातून ‘द हार्डर दे कम’ या जमैकन सिनेमाची १९७२ची एलपी काढली, सुई एका गाण्यावर अलगद टेकवली आणि चहा सांगायला निघून गेले.

गाणं तेच, पण नाचायचं नव्हतं. मेलोडियन्स नावाच्या जमैकातल्या त्रिकुटाने ते १९७० साली गायलं होतं. बोनी एमचं आलं १९७८ला. मेलोडियन्सची लय संथ आहे, तीन आवाज एकमेकांना धरून चालल्यासारखे. शब्द बायबलातल्या स्तोत्रांचे. बॅबिलॉनला धरून नेलेले ज्यू नदीकाठी बसून रडतायत, आणि पकडणारे म्हणतायत, तुमचं गाणं म्हणून दाखवा. परक्या मुलखात आमचं गाणं कसं म्हणायचं, असा त्यांचा सवाल आहे. मेलोडियन्स रास्ताफारी पंथाच्या भाषेत गात होते, म्हणून त्यांच्या गाण्यात ‘किंग अल्फा’ येतो, म्हणजे इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी, ज्याला हा पंथ देव मानतो. बोनी एमच्या गाण्यात तिथे नुसता ‘लॉर्ड’ आला आणि गाणं जगातल्या कुठल्याही हॉलमध्ये वाजवण्याजोगं झालं.

मी जिन्याखालच्या स्टुलावर बसून होतो आणि मला सारखी आमची मिरवणूक दिसत होती. १९८२चा गिरणी संप फसून दोन-तीन वर्षं झाली असतील. पुढे नाचणाऱ्यांत निम्मे कामावरून गेलेले, त्यांतले बरेच कोकणातून आलेले. माझे वडीलही हातगाडीच्या कडेने चालत असायचे. तोंडाने काही म्हणायचे नाहीत, पण पाय ठेक्यात पडायचे. घरापासून तोडलेल्या माणसांचं रडगाणं आम्ही त्यांना नाचायला वाजवत होतो. त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही.

चहा आला. चाचा म्हणाले, “रोनेवाला गाना गरीब रहता है भाऊ. नाचनेवाला अमीर हो जाता है.” ही त्यांची थिअरी. पुढच्या चार फेऱ्यांत त्यांनी ती मला पुराव्यांसकट ऐकवली.

‘लांबाडा’ आठवतंय? १९८९ला काओमा या बँडने ते काढलं आणि वर्षभरात ‘घायल’मध्ये हिंदी होऊन आपल्या गल्लीत पोचलं. आम्ही ते दोन गणपती वाजवलं. मूळ गाणं बोलिव्हियातल्या लोस क्यार्कास या मंडळींचं, १९८१चं, आणि त्याच्या पहिल्याच शब्दांचा अर्थ ‘रडत निघून गेली’. काओमाच्या रेकॉर्डवर गीतकार म्हणून भलतंच नाव छापलं होतं. क्यार्कासवाल्यांना भांडून आपला हक्क मिळवावा लागला. चाचांकडे याची रेकॉर्ड नाही. अशा वेळी ते मोबाइल काढून छोट्या स्पीकरवर लावतात. याचा अर्धा गुण मी कापतो. यूट्यूब माझ्याही खिशात आहे, त्यासाठी मी ग्रँट रोडपर्यंत कशाला येऊ?

‘रेड रेड वाइन’चा किस्सा मात्र त्यांनी रंगवून सांगितला. १९८३ला यूबी फॉर्टी या इंग्लिश बँडने त्याचं रेगे, म्हणजे जमैकन ठेक्यातलं रूप, केलं आणि ते इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. बँडवाल्यांना वाटत होतं गाणं जमैकातलंच, कारण त्यांनी ऐकलं होतं ते टोनी ट्राइबचं १९६९चं रेगे. रेकॉर्डवर गीतकाराचं नाव ‘एन. डायमंड’. हा कुणी नेगस डायमंड नावाचा जमैकन असावा, असा त्यांनी अंदाज बांधला. निघाला अमेरिकेचा नील डायमंड! त्याचं मूळ गाणं ऐकलं तर दारूत दुःख बुडवणाऱ्या एकट्या माणसाचं आहे. पुन्हा रडगाणंच.

‘हाउंड डॉग’ने मात्र थिअरी जरा डगमगते. एल्विसच्या आधी ते बिग मामा थॉर्नटन या गायिकेने गायलं. रेकॉर्ड आली १९५३ला, एल्विसची १९५६ला. चाचांनी दोन्ही लागोपाठ लावली. एल्विसच्या गाण्यात कुत्रा म्हणजे कुत्राच, ससा पकडता न येणारा. बाईच्या गाण्यात तो एक फुकट्या पुरुष आहे आणि ती त्याला दाराबाहेर काढतेय. मधेच भुंकण्याचे, गुरगुरण्याचे आवाज आहेत. रडणं कुठेच नाही. मी तसं म्हटलं तर चाचांनी मान हलवली आणि रेकॉर्ड पुसायला घेतली. हरायला लागले की ते रेकॉर्ड पुसतात.

देशी मालही आहे, पण त्यात चाचांचा हात तितका चालत नाही. ‘अनामिका’तलं ‘मेरी भीगी भीगी सी’ मुळात पंचमदांनी स्वतः गायलेलं बंगाली गाणं, ‘मने पडे रुबी राय’, १९६९चं. ते मला आधीच माहीत होतं. ‘हवा हवा’च्या मागचं इराणी गाणं नव्हतं माहीत. हसन जहांगीरच्या त्या कॅसेटने आमच्या चाळीचा कान फोडला होता. तिच्या आधी कितीतरी वर्षं इराणात कुरोश यग्माईने ‘हवार हवार’ गायलं होतं. एवढं कळून मी गप्प झालो, कारण हेही मी बेंजोवर वाजवलंय.

आता मालाबद्दल, कारण काहींना एवढंच हवं असेल. रेकॉर्डी पाहिजे तशा लावलेल्या नाहीत, चाचांच्या डोक्यात लावलेल्या आहेत. स्वतः शोधायला गेलात तर दिवस जाईल. मुंबईच्या पावसाने बऱ्याच जॅकेटांना बुरशीचे ठिपके पडलेत, वास येतो. तबकडी डोळ्यांच्या रेषेत धरून वाकली आहे का ते बघा, आणि दुकानातच दोन्ही बाजू लावून घ्या. मी घाई केली. बोनी एम घरी तिसऱ्या गाण्यावर अडकली. परत नेली तर पैसे मिळाले नाहीत, बदली प्रत मिळाली, तीही चाचांनी तीन वेळा “आपका सुई भारी है” ऐकवल्यावर. सुई तपासून घेतली. भारीच होती. पण हे त्यांना कशाला सांगू?

किंमत त्यांनी नऊशे सांगितली, मी साडेसहाशेला घेतली. यूपीआय चालतं. रेंज जिन्याबाहेर येते, म्हणून पैसे फुटपाथवर उभं राहून द्यायचे. बसायला स्टूल एकच. बायकोला घेऊन गेलात तर तिला ते द्या आणि तुम्ही उभे राहा. चहा फुकट.

बोनी एमच्या एलपीचं अजून एक. घरी आल्यावर जॅकेट नीट वाचलं. ‘पेंटर मॅन’ हे द क्रिएशनचं, ‘हार्ट ऑफ गोल्ड’ नील यंगचं, ‘किंग ऑफ द रोड’ रॉजर मिलरचं, ‘ब्राउन गर्ल’ जमैकातल्या पोरांच्या खेळातलं. दहा गाण्यांत निम्मी उसनी. शिवाय तो उड्या मारत नाचणारा बॉबी फॅरेल रेकॉर्डवर गातच नव्हता, तो भारदस्त आवाज निर्माता फ्रँक फारियनचा. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवल्याची मला थोडी लाज वाटायची. ती त्या संध्याकाळी बऱ्यापैकी गेली.

मुख्य तक्रार एकच. ‘पहिला वाला’ खोका विकायचा नाही. मेलोडियन्सच्या एलपीला मी दोन हजार लावले, अडीच लावले. चाचा हसतात. म्हणजे दुकानातली सगळ्यात चांगली वस्तू फक्त ऐकायची, आणि न्यायची ती दुसऱ्या नंबरची. धंद्याची ही पद्धत मला कळत नाही. पण त्यामुळेच मी दर पंधरा दिवसांनी जातो, हेही खरं.

चौथ्या फेरीला चाचांचा नातू होता. कॉलेजातला पोरगा, फोनवर ‘चिकनी चमेली’ लागलेलं. मी म्हटलं, बाळा, हे मराठी आहे. तो हसला. चाचाही हसले, आणि त्यांचं ते हसणं मला झोंबलं. पुढच्या खेपेला ‘जत्रा’ची सीडी घेऊनच गेलो. ‘चिकनी चमेली’ ज्यात आहे तो ‘अग्निपथ’ २०१२चा, मराठी ‘जत्रा’ त्याच्या कितीतरी आधीचा. दोन्हींना संगीत अजय-अतुलचंच. शब्द जितेंद्र जोशीचे, आवाज वैशाली सामंत आणि आनंद शिंदेंचा. चाचांकडे सीडी प्लेअर आहे, धूळ झटकून त्यांनी लावली. ‘कोंबडी पळाली’ सुरू झालं. जिन्याखालची हवा बदलली. शेजारचा कंदीलवाला येऊन उभा राहिला, नातवाने फोन बंद केला.

मी म्हटलं, “चाचा, ये पहिला वाला है. इसमें रोना किधर है?”

चाचांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग सीडी काढली आणि पुसायला घेतली. बराच वेळ पुसली. पुसून झाल्यावर ती माझ्या हातात न देता पायाशी असलेल्या खोक्यात, मेलोडियन्सच्या मागे सरकवली. मी हात पुढे केला, तर म्हणाले, “वो डब्बे का माल बिकता नहीं, भाऊ. आके सुनने का.”

माझीच सीडी. साडेतीन गुण देतो, पाचपैकी. सीडी परत मिळाली तर चार करीन.