रवांडातलं म्ब्यो गाव: टूरला तीन स्टार, गावाला किती देणार?

आधी टूरबद्दल सांगते मग गावाबद्दल, कारण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बुकिंग करताना माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ रवांडाच्या राजधानीत, किगालीत, एका शाळेत गणित शिकवतो, ह्या वेळी आईला घेऊन त्याच्याकडे गेले होते. रवांडाला लोक जातात ते गोरिला बघायला, पण त्याचं परमिट एका माणसाला १५०० डॉलर आणि वर डोंगर चढायचा, आईचे गुडघे बघता तो विषय पहिल्याच दिवशी मिटला. मग भाऊच म्हणाला की बुगेसेरा भागात म्ब्यो नावाचं एक गाव आहे, १९९४ च्या नरसंहारात (हुतूंनी तुत्सींना मारलं तो) ज्यांनी मारलं ते जेलमधून सुटून आलेले लोक आणि ज्यांची माणसं मारली गेली ते, असे शेजारीशेजारी राहतात, आणि हे गाव वसवलंय जेलमध्ये प्रार्थना घेणाऱ्या लोकांनी. आई लगेच तयार. आम्ही नगरचे, चर्चवाले, लहानपणी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी म्हणत मोठे झालेलो, आईच्या मंडळातल्या बायका दर नाताळला जेलमध्ये केक घेऊन जायच्या, त्यामुळे तिला वाटलं आपलंच काम दुसऱ्या देशात बघायचंय. मला खरं सांगायचं तर थोडी धाकधूक होती की आता कोणीतरी रडून साक्ष देणार आणि शेवटी डबा फिरवणार.

किगालीहून बुगेसेरातलं न्यामाटा शहर तासाभराच्या आत येतं, रस्ता अगदी गुळगुळीत, मध्ये न्याबारोंगो नदीचा पूल लागतो. १९९४ ला ह्याच नदीत प्रेतं टाकली होती, गाइडने हे चालत्या गाडीत एका वाक्यात सांगितलं आणि पुढे नव्या एअरपोर्टची माहिती सुरू केली. पहिला थांबा न्यामाटाचं चर्च. जीव वाचेल म्हणून लोक तिथे घुसले होते आणि तिथेच मारले गेले. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. बाकांवर मेलेल्यांचे कपडे ढीग करून ठेवलेत, पत्र्याला भोकं आहेत त्यातून उजेडाचे ठिपके खाली पडतात. आई दारातच थांबली, म्हणाली मी इथूनच प्रार्थना करते, तू जाऊन ये.

इथे एक गोष्ट टूरवाल्याने सांगायला हवी होती ती सांगितली नाही, मी नंतर वाचली. नरसंहारात चर्चचे लोक फक्त मरणाऱ्यांत नव्हते. न्यांगे गावात अथानाझ सेरोम्बा नावाच्या फादरने स्वतःच्याच चर्चवर बुलडोझर घालायला लावला, आत दीड हजाराच्या आसपास माणसं होती. संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने २००८ ला अपिलात त्याची पंधरा वर्षांची शिक्षा वाढवून जन्मठेप केली. म्हणजे तिथे जेलमध्ये बायबल घेऊन जाणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच येणार की बाबा तुमचे लोक तेव्हा कुठे होते. हे माहीत असलं की पुढचं सगळं वेगळं ऐकू येतं.

जेलची परिस्थिती काय होती तेही थोडं सांगते नाहीतर गावाचा अर्थ लागत नाही. नरसंहारानंतर लाखाच्या वर लोक पकडले आणि कोर्ट चालवायला जज उरले नव्हते, बरेचसे मारले गेले होते किंवा पळून गेले होते. गितारामाचं जेल जेमतेम चारपाचशे माणसांसाठी बांधलेलं, त्यात १९९५ ला सात हजाराच्या आसपास कोंबली होती, बसायला जागा नाही, चिखलात उभं राहून लोकांचे पाय सडले. अशा ठिकाणी प्रिझन फेलोशिप रवांडाचे लोक जायला लागले. ही संस्था मूळ अमेरिकेतली, राष्ट्राध्यक्ष निक्सनचा माणूस चार्ल्स कोल्सन वॉटरगेट ह्या राजकीय घोटाळ्याच्या प्रकरणात सात महिने आत जाऊन आला आणि त्याने १९७६ ला सुरू केली. पण रवांडात पुढे होते तिथलेच बिशप जॉन रुच्याहाना, आणि त्यांच्या स्वतःच्या भाचीला नरसंहारात हाल करून मारलं होतं. मला वाटतं ह्यामुळेच कैद्यांनी ऐकून घेतलं असेल, कारण ज्याचं काही गेलं नाही त्याने येऊन क्षमा शिकवणं म्हणजे आपल्याकडे लग्नात न जेवलेल्याने स्वयंपाकाला नावं ठेवण्यासारखं.

हे लोक जेलमध्ये कैद्यांसाठी जो कोर्स घेतात तो आहे जक्कयाच्या गोष्टीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जक्कय म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातला लोकांना लुबाडणारा जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढतो आणि नंतर म्हणतो ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करीन. इंग्रजीत ते झाड सिकामोर, रवांडात त्यांनी स्वतःचं उमुवुमू घेतलं, आणि गंमत म्हणजे तेही आपल्या वड-उंबराच्याच कुळातलं. गाइडने झाड दाखवल्यावर आई म्हणाली अगं हा तर आपल्या औदुंबराचा चुलतभाऊ. पण गोष्टीतला खरा मुद्दा झाड नाही, चौपट हा आहे. पैसे चौपट देता येतात, माणूस कसा चौपट देणार? मग तिथे परतफेड कशी ठरली तर प्रेत कुठे टाकलं ते सांगायचं, जाऊन समोर माफी मागायची, आणि सुटल्यावर घर बांधायला विटा उचलायच्या. म्ब्योतली घरं अशी सुटलेल्यांनी आणि वाचलेल्यांनी मिळून बांधलीत.

आता गाव. मातीचा रस्ता, पत्र्याची छोटी घरं, केळी, शेळ्या, आपल्या कुठल्याही घरकुल योजनेसारखं दिसतं. झाडाखाली बाकं मांडलेली, आधी एक म्हातारा उठला, त्याने काय केलं ते सांगितलं, मग एक बाई उठल्या, त्यांची कोण माणसं गेली ते सांगितलं. दोघांनी इतकं सरळ सांगितलं की मला आधी संशय आला, हे पाठ आहे. अर्थात पाठ असणारच ना, किती वर्षं किती लोकांना सांगतायत! आणि तिथल्या कायद्यात गुन्हा कबूल केला की शिक्षा कमी व्हायची, २००३ ला तर कबुली दिलेले हजारो एकदम सोडले, त्यामुळे पश्चात्ताप कुठला आणि हिशोब कुठला हे बाहेरच्याने ओळखायचं कसं. दुसरी गोष्ट, सरकारचं धोरणच समेटाचं आहे, ज्या बाईला माफ करायचंच नाही ती ह्या गावात राहायला येणार नाही आणि आपल्याला कधी भेटणारही नाही. हे डोक्यात ठेवून जा. मी हे सगळं मनात बोलत होते आणि शेजारी आई डोळे पुसत होती.

इथून टूरवाल्याची तक्रार. कंपनीचं नाव लिहित नाही. दोन तास गावात असं कबूल केलं होतं, मोजून पन्नास मिनिटं दिली कारण मागे दुसरी गाडी येत होती. आणि त्या दोघांचं बोलून झाल्याझाल्या गाइडने त्यांना शेजारीशेजारी उभं करून हात धरायला सांगितलं, फोटोसाठी. आमच्या ग्रुपमधल्या चारपाच जणांनी काढलेही. म्हातारा खाली बघत होता. मला इतकी लाज वाटली, आपण काय वरातीला आलोय का. गावाला ह्यातले किती पैसे जातात हे विचारलं तर "कम्युनिटीला जातात" एवढंच उत्तर, आकडा नाही.

तीन स्टारातले दोन आहेत ते शेवटच्या वीस मिनिटांचे. भाषणं संपली, बायका टोपल्या विणायला बसल्या, आई त्यांच्यात जाऊन बसली, भावाला थोडी किन्यारवांडा येते, बाकी गाइड. आईने त्या बाईंना विचारलं काय, तर घरातलं मीठ संपलं तर कोणाकडे मागता? मी म्हटलं आई प्लीज. बाई हसल्या आणि म्हाताऱ्याच्या घराकडे बोट दाखवून म्हणाल्या त्यांच्याकडे, पण त्याची बायको चिकट आहे, चिमूटभरच देते. सगळ्या बायका खदखदून हसल्या, तो म्हाताराही हसला. हे काही पाठ नव्हतं. त्या भाषणापेक्षा मी ह्या चिमूटभर मिठावर जास्त विश्वास ठेवीन, आणि रुसवेफुगवेसुद्धा त्यातच आले.

जाणार असाल तर मोठा ग्रुप टाळा, स्वतःची गाडी आणि दुभाष्या करून सकाळी जा, न्यामाटाचं चर्च आणि गाव एकाच दिवशी करू नका, डोकं बधिर होतं. लहान मुलांना नेऊ नका. सुट्टे फ्रँक ठेवा कारण टोपल्या थेट बायकांकडून घेता येतात, घासाघीस आम्ही केली नाही, तुम्हीही नका करू. आईने घेतली ती शंकूसारखं झाकण असलेली टोपली, तिला तिथे आगासेके म्हणतात, आता नगरला ओट्याशेजारी आहे, तिच्यात लसूण ठेवते. झाकण नीट बसत नाही म्हणून रोज कुरकुर करते आणि आल्यागेल्याला दाखवतेही.